‘पित्त झालंय’ म्हणजे नेमकं काय झालंय?

आंबट ढेकर आला तरी पित्त, डोकं दुखलं तरी पित्त, अंगावर गांधी उठल्या तरी पित्तच. सांगली-मिरजेच्या दवाखान्यांत पोटविकारतज्ज्ञाचं काम सुरू होतं ते या एका शब्दाची उकल करण्यापासून. खरं पित्त यकृतात तयार होतं. छातीत जळजळतं ते बहुतेक वेळा जठरातलं आम्ल. आणि घाम फुटून छाती आवळत असेल, तर ते पित्त समजून सोडा पीत घरी बसू नका, आधी ईसीजी काढा.

समजा, वाळव्याकडचा पन्नाशीतला ऊसतोड कामगार आहे. हंगामात खाडा परवडत नाही, म्हणून कंबरेसाठी मेडिकलमधून रोज गोळी आणतो. महिन्या-दोन महिन्यांत पोटात कळा येतात, चालताना धाप लागते. तज्ज्ञ विचारतो, ‘संडासला डांबरासारखी काळी, चिकट होते का?’ हे आपणहून कुणी सांगत नाही, लाज वाटते. पण जठरात रक्त वाहिलं की पचनात ते काळं पडतं, आणि धाप लागते ती रक्त कमी झाल्यामुळे. लोहाच्या गोळ्यांनीही रंग काळा होतो, म्हणून त्यांचीही चौकशी होते.

जठरातलं आम्ल जठरालाच खात नाही, कारण आतून बुळबुळीत श्लेष्माचा थर असतो. तो टिकवणारी प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामकं अडवतात, तीही रक्तावाटे. त्यामुळे ‘जेवून घेतली की बाधत नाही’ हे खरं नाही. इंजेक्शननंही अल्सर, म्हणजे जठरात व्रण, होऊ शकतो.

मग उपाशीपोटी दुर्बीण. बोटाएवढी जाड, लवचिक नळी घशातून आत जाते. काही मिनिटांचं काम. व्रण दिसतो, रक्त वाहत असेल तर तिथंच क्लिप लावून थांबवता येतं. अस्तराचा कणभर तुकडा काढून ‘हेलिकोबॅक्टर पायलोरी’ हा जंतू शोधतात. अल्सरमागे जंतू असतो हे कुणाला पटेना, म्हणून ऑस्ट्रेलियाच्या बॅरी मार्शल यांनी 1984 मध्ये तो स्वतः प्यायला, आणि त्यांच्या जठराला सूज आली. 2005 मध्ये त्यांना रॉबिन वॉरन यांच्यासह नोबेल मिळालं.

जंतू सापडला तर सहसा चौदा दिवसांचा कोर्स असतो. चार-पाच दिवसांत बरं वाटतं आणि पुष्कळ जण तिथंच गोळ्या सोडतात. मग उरलेले जंतू त्याच औषधांना दाद देईनासे होतात.