काचेच्या छताखालचे राज्य: मिलानच्या गॅलेरियाची पार्श्वभूमी

मिलानच्या कॅथेड्रलसमोरील चौकातून ला स्काला या ऑपेरागृहाकडे निघालेला माणूस ज्या उंच कमानीखालून गॅलेरियात शिरतो, ती कमान बाजारपेठेच्या दारापेक्षा विजयी राजाच्या स्वागतासाठी उभारलेली वेस अधिक वाटते. तसे वाटणे चुकीचे नाही. ‘गॅलेरिया व्हित्तोरिओ एमानुएले दुसरे’ ही काचेच्या छताची बाजारगल्ली आज महागडी दुकाने आणि कॅफे यांसाठी ओळखली जाते. तिचा जन्म मात्र व्यापाराच्या गरजेपेक्षा राजकारणातून झाला, आणि तेथील नकाशा, चित्रे व फरशी यांचा अर्थ हे लक्षात घेतल्याशिवाय नीट लागत नाही.

दुतर्फा दुकाने आणि वर काचेचे छप्पर असलेल्या गल्ल्यांची कल्पना मिलानची नव्हे. अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये चिखलाने भरलेल्या, पदपथ नसलेल्या रस्त्यांना पर्याय म्हणून अशा गल्ल्या निघू लागल्या. तेथील ‘पासाज द्यू केर’ 1798 मधली, आणि तीही क्रांतीनंतर सरकारजमा झालेल्या एका मठाच्या जागेवर उठलेली. लंडनमध्ये 1819 साली बर्लिंग्टन आर्केड सुरू झाले, तर ब्रुसेल्समध्ये 1847 साली सें-ह्यूबेर गॅलरी उघडली, जिची लांबी दोनशे मीटरहून अधिक आहे. खुद्द मिलानमध्येही ऑस्ट्रियाच्या अमलात, 1832 साली, गॅलेरिया दे क्रिस्तोफोरिस सुरू झाली होती आणि शहरातले लोक आपल्या बोलीत तिला ‘काचेची गल्ली’ म्हणत. या बहुतेक वास्तू खासगी जागांवर, भाड्याच्या उत्पन्नावर नजर ठेवून उभ्या राहिल्या होत्या. नव्या गॅलेरियामागचा हेतू वेगळा होता.

जून 1859 मध्ये माजेंताच्या लढाईत ऑस्ट्रियाचा पराभव झाला आणि सार्डिनियाचा राजा (पुढे संयुक्त इटलीचा पहिला राजा) व्हित्तोरिओ एमानुएले दुसरा फ्रान्सचा सम्राट तिसरा नेपोलियन याच्यासह मिलानमध्ये दाखल झाला. ऑस्ट्रियन सत्ता गेल्यानंतर काही महिन्यांतच कॅथेड्रलचा चौक आणि ला स्काला यांना जोडणारा रस्ता काढून त्याला राजाचे नाव द्यायचा विचार पुढे आला. खर्चासाठी राजाज्ञेने लॉटरीची परवानगी मिळाली, पण तिच्यातून अपेक्षेइतका पैसा उभा राहिला नाही. आराखड्यांसाठी स्पर्धा घेण्यात आल्या आणि साधा रस्ता काढायचा की छत असलेला, यावर बराच खल झाला. अखेर 1863 मध्ये जुझेप्पे मेंगोनी या वास्तुरचनाकाराकडे काम सोपवण्यात आले. मेंगोनी बोलोन्याच्या बाजूचा, फोंतानेलिचे गावचा. तेव्हा त्याचे वय तिशीच्या थोडे पुढे होते.

त्याच्या आराखड्यात केवळ गॅलेरिया नव्हती, तर कॅथेड्रलसमोरचा सगळा चौकच नव्याने आखायचा होता. त्यासाठी 1864 साली ‘कोपेर्तो देई फिजिनी’ ही पंधराव्या शतकातील इमारत पाडण्यात आली. गंमत अशी की तिच्या कमानींखालीही शतकानुशतके दुकानेच भरत होती. म्हणजे छताखालच्या जुन्या बाजाराला हटवून छताखालचा नवा बाजार आला. पुढे 1875 मध्ये चौकाच्या मधोमध उरलेली रेबेक्कीनो ही घरांची आळीही गेली. आज पर्यटकाला जो प्रशस्त, मोकळा चौक प्राचीन वाटतो, तो मुळात एकोणिसाव्या शतकातील पाडकामाने घडवलेला आहे.

7 मार्च 1865 रोजी राजाच्या हस्ते पायाभरणी झाली. राष्ट्राच्या गौरवासाठी हाती घेतलेल्या या कामाचे भांडवल आणि कंत्राट होते ‘सिटी ऑफ मिलान इम्प्रूव्हमेंट्स कंपनी’ या इंग्रज कंपनीकडे, तर छताचा लोखंडी सांगाडा आला पॅरिसच्या कारखान्यातून. नव्या इटलीकडे अभिमान भरपूर होता, पण पैसा आणि अवजड उद्योग अजून बाहेरून आणावे लागत होते, हे या एका इमारतीत जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच कुठे दिसत असेल.

काम मात्र वेगाने झाले. क्रुसाच्या आकाराचा नकाशा, सुमारे 196 मीटरची लांब भुजा, सुमारे 105 मीटरची आखूड भुजा, आणि दोन्ही मिळतात तेथे अष्टकोनी चौक व त्यावर 47 मीटर उंचीचा काचेचा घुमट. आधीच्या युरोपीय गल्ल्या अरुंद होत्या. येथे रुंदी, उंची आणि घुमट ही सारी मापे चर्चवरून घेतल्यासारखी आहेत. घुमटाखाली चार खंडांची चित्रे होती, ज्यांची जागा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोझेइकने, म्हणजे रंगीत तुकडे जडवलेल्या चित्रांनी, घेतली. इटलीतील थोर पुरुषांचे पुतळेही होते, पण ते प्लास्टरचे असल्याने टिकले नाहीत. फरशीवर मिलानच्या चिन्हाखेरीज तुरिनचा बैल, फ्लॉरेन्सची लिली आणि रोमची लांडगी दिसते, कारण संयुक्त इटलीच्या राजधानीचा मान या तीन शहरांना एकापाठोपाठ एक मिळाला. तुरिनच्या बैलाच्या वृषणांवर टाच टेकवून गिरकी घेतली की भाग्य उजळते अशी समजूत आहे, आणि तिच्यापायी तेथील मोझेइक झिजून खड्डा पडतो व ते वेळोवेळी दुरुस्त करावे लागते. राजघराण्याच्या शहराचे चिन्ह रोज टाचेखाली येते, यात मिलानकरांना मजा वाटत असल्यास नवल नाही.

15 सप्टेंबर 1867 रोजी राजाने गॅलेरियाचे उद्घाटन केले तेव्हा राजधानी फ्लॉरेन्स होती आणि रोम अजून पोपच्या ताब्यात होते. त्याच वर्षी गास्पारे कंपारी याने येथे कॅफे सुरू केला, आणि पुढे कंपारी हे पेय जगभर नेणारा त्याचा मुलगा दाविदे हा गॅलेरियात जन्मलेला पहिला माणूस ठरला. संध्याकाळी घुमटाच्या कडेने रुळांवरून एक छोटी यांत्रिक गाडी पेटती वात घेऊन फिरे आणि गॅसचे दिवे एकामागून एक लावत जाई. ते पाहायला खाली गर्दी जमे. 1880 च्या दशकात वीज आली आणि ही करमणूक संपली.

कॅथेड्रलकडील कमान मात्र रखडली होती, कारण इंग्रज कंपनी आर्थिक अडचणीत सापडली आणि 1869 मध्ये नगरपालिकेने सारी वास्तू विकत घेतली. कमानीचे काम पूर्ण होत आले असताना, 30 डिसेंबर 1877 रोजी, मेंगोनी परांचीवरून पडून मरण पावला. पुढच्या दहा-अकरा दिवसांत राजाचाही मृत्यू झाला.

ऑगस्ट 1943 मधील बाँबहल्ल्यांत काचेचे छत उद्ध्वस्त झाले. दुरुस्तीनंतर गॅलेरिया पूर्ण रूपात खुली व्हायला 1955 उजाडले. मालकी मात्र 1869 पासून शहराचीच राहिली. बड्या फॅशन कंपन्याही येथे भाडेकरू आहेत, आणि पाटी काळ्या पार्श्वभूमीवर सोनेरी अक्षरांत लावण्याचा नियम मॅकडोनाल्ड्सलाही पाळावा लागला होता. त्या उपाहारगृहाचा करार 2012 मध्ये संपला, तेव्हा महापालिकेने ती जागा 1913 पासून गॅलेरियात दुकान असलेल्या प्राडाला दिली.