कंपनीची पत कोण ठरवते? ग्राहकांच्या अभिप्रायांवर चालणाऱ्या संकेतस्थळांची पार्श्वभूमी

जळगाव, धुळे किंवा नंदुरबारमधून पदवी घेऊन पुण्याच्या कंपनीत मुलाखतीला निघालेला उमेदवार आता गाडीचे तिकीट काढण्याआधी त्या कंपनीचे रेटिंग पाहतो. पगार वेळेवर होतो का, बाँड लिहून घेतात का, सुटी मागितली तर साहेब कसे बोलतात, हे तो तिथे काम करून गेलेल्या अनोळखी लोकांच्या अभिप्रायांतून जाणून घेतो. अनोळखी माणसाच्या लेखी मतावर एवढी भिस्त ठेवण्याची ही रीत इंटरनेटवर जेमतेम तीस वर्षांची आहे. तिच्या इतिहासात दोन प्रश्न पुन्हा पुन्हा उपस्थित होतात: मत देणारा कोण, आणि त्या मताच्या प्रसाराचा खर्च कोण भागवतो?

खानदेशच्या जुन्या व्यापारात पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे होते. कापसाच्या बाजारात पेढीची हुंडी स्वीकारायची की नाही, हे आडते, दलाल आणि सराफ यांच्या शब्दावर ठरे, आणि शब्द देणारा माणूस उद्या त्याच बाजारात भेटणार असे. 1945 मध्ये अमळनेर येथे वनस्पती तेलाचा कारखाना म्हणून विप्रोची स्थापना झाली, तेव्हा गावातील अनेकांनी तिचे शेअर घेतले. कारखाना डोळ्यांसमोर होता आणि चालवणारे ओळखीचे होते. ही पारख खात्रीची असली तरी तिची मर्यादा उघड होती, कारण जिथवर ओळख तिथवरच ती चाले.

ओळखीपलीकडची पारख विकत देण्याचा व्यवसाय अमेरिकेत उभा राहिला. 1837 च्या आर्थिक अरिष्टात हात पोळलेले न्यूयॉर्कचे रेशीम व्यापारी लुईस टॅपन यांनी 1841 मध्ये मर्कंटाइल एजन्सी काढली. गावोगावचे वार्ताहर, त्यांत बरेच वकील, स्थानिक दुकानदारांच्या सांपत्तिक स्थितीची व चालचलणुकीची माहिती कळवत आणि ती वह्यांत नोंदवली जाई. वर्गणी भरणाऱ्या व्यापाऱ्यालाच ती मिळे. कंपन्यांच्या पतीची माहिती पुरवणाऱ्या आजच्या डन अँड ब्रॅडस्ट्रीट या कंपनीचे मूळ हेच. येथे पैसे माहिती वापरणारा देत होता, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

हे काम सामान्य ग्राहकाच्या हाती आले ते 1995 नंतर. त्या वर्षी पियरे ओमिड्यार यांनी सुरू केलेल्या आणि पुढे ईबे या नावाने प्रसिद्ध झालेल्या लिलावाच्या संकेतस्थळावर एकमेकांना कधीही न पाहिलेली माणसे व्यवहार करीत, त्यामुळे पैसे आधी की माल आधी हा पेच रोजचा होता. तक्रारींचा निवाडा स्वतः करत बसण्याऐवजी ओमिड्यार यांनी 1996 मध्ये दोन्ही पक्षांना परस्परांविषयी चांगला, वाईट किंवा तटस्थ शेरा जाहीरपणे लिहिण्याची सोय करून दिली. सोय उत्तम होती, पण तिच्यात एक खोट होती. विक्रेत्याविषयी वाईट लिहिले की तोही उलट वाईट शेरा मारी आणि त्या धाकाने ग्राहक गप्प राहत किंवा गोड लिहीत. अखेर 2008 मध्ये विक्रेत्याने ग्राहकाला वाईट शेरा देण्याची मुभाच ईबेने काढून घेतली. गावात सावकाराविषयी कुणी उघड का बोलत नसे, हे ज्यांनी ऐकले आहे त्यांना या प्रकाराचे नवल वाटणार नाही.

भारतात फैसल फारुकी यांनी 2000 मध्ये माउथशट हे ग्राहकांच्या अभिप्रायांचे संकेतस्थळ काढले. प्रतिकूल अभिप्राय काढून टाकण्यासाठी कंपन्यांच्या कायदेशीर नोटिसा येऊ लागल्या, तेव्हा माउथशटने सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. इंटरनेटवरील अभिव्यक्तिस्वातंत्र्याविषयीच्या श्रेया सिंघल खटल्याबरोबर ऐकल्या गेलेल्या याचिकांत तीही होती. 24 मार्च 2015 च्या निकालाने न्यायालयाचा आदेश किंवा सरकारची अधिसूचना असल्याशिवाय, केवळ कुणाच्या पत्रावरून मजकूर हटवण्याची सक्ती मध्यस्थ संकेतस्थळावर, म्हणजे इतरांनी लिहिलेला मजकूर दाखवणाऱ्या संकेतस्थळावर, उरली नाही. ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुराला गुन्हा ठरवणारे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे 66 अ कलम रद्द झाल्याची चर्चा तेव्हा खूप झाली. माझ्या मते सामान्य ग्राहकाच्या दृष्टीने निकालाचा हा दुसरा भागही तितकाच मोलाचा होता.

खर्च कोण भागवतो, हा दुसरा प्रश्न मात्र कायम राहिला. येल्प (2004), ट्रस्टपायलट (2007), ग्लासडोअर (2008) ही अभिप्रायांची परदेशी संकेतस्थळे वाचकाकडून शुल्क घेत नाहीत. जाहिराती, नोकरभरतीच्या सेवा किंवा सशुल्क सुविधा घेणाऱ्या कंपन्यांकडून त्यांचे उत्पन्न येते. म्हणजे टॅपन यांच्या काळातील व्यवस्था उलटी झाली असून ज्याची पारख व्हायची, तोच आता गिऱ्हाईक आहे. हार्वर्ड बिझनेस स्कूलचे मायकेल लुका यांच्या 2011 च्या अभ्यासानुसार सिएटलमधील उपाहारगृहाचे येल्पवरील रेटिंग एका ताऱ्याने वाढले की उत्पन्न 5 ते 9 टक्क्यांनी वाढे. हा परिणाम स्वतंत्र उपाहारगृहांपुरता होता. नामांकित साखळ्यांवर तो दिसला नाही. ज्याचे नाव आधीपासून माहीत नाही, त्याच्यासाठी तारे निर्णायक ठरतात, आणि नेमक्या अशाच लहान व्यावसायिकाकडे अभिप्राय मोजके असल्याने पाच-दहा खोट्या नोंदींनीही त्याची सरासरी पालटते. म्हणून तर जळगावात मोबाईलच्या दुकानाच्या काउंटरवर क्यूआर कोडचा फलक उभा असतो आणि बिल देता देता दुकानदार म्हणतो, "भाऊ, तेवढे पाच स्टार टाकून द्या." समोर उभ्या असलेल्या माणसाला तीन तारे देण्याइतका भिडेचा अभाव फार थोड्यांकडे असतो.

खोट्या अभिप्रायांना आळा घालण्यासाठी भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर 2022 मध्ये आयएस 19000 हे मानक जाहीर केले. त्यात अभिप्राय लिहिणाऱ्याच्या ओळखीची पडताळणी अपेक्षित आहे, पण ते ऐच्छिक म्हणून लागू झाले. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित जपणाऱ्या सरकारी संस्थेने मात्र 2024 मध्ये बनावट अभिप्रायांच्या खरेदी-विक्रीवर दंडासह बंदी घालणारा नियम केला.

रावेर, यावल भागातील केळीच्या व्यवहाराला यांपैकी कशाचाच फारसा स्पर्श झालेला नाही. उधारीवर माल नेणाऱ्या व्यापाऱ्याची पत अजूनही फोनवर आणि बांधावर विचारली जाते. ज्याच्याकडे पैसे अडकले आहेत, त्याच्याविषयी जाहीरपणे लिहिले तर तेही बुडतील आणि पुढच्या वेळी घड कापायला कुणी येणार नाही, ही शेतकऱ्याची धास्ती ईबेवरच्या ग्राहकाच्या धास्तीसारखीच आहे. तिथे बाजार चालवणाऱ्याने नियम बदलला, इथे मात्र नियम बदलू शकेल असा बाजाराचा एकच चालक नाही.