क्लॅमथच्या सरोवरात पिल्लं जगत नाहीत

अमेरिकेतल्या ओरेगन राज्याच्या दक्षिणेला अप्पर क्लॅमथ नावाचं विस्तीर्ण पण उथळ सरोवर आहे. लॉस्ट रिव्हर सकर आणि शॉर्टनोज सकर हे दोन मासे फक्त या क्लॅमथ खोऱ्यातले. जगात दुसरीकडे ते नाहीत. (आपल्याकडे उजनीत मच्छीमारांना छळणारा ‘सकर’ वेगळा. तो दक्षिण अमेरिकेतला, शोभेच्या टाक्यांमधून आलेला मासा आहे.) क्लॅमथच्या या दोन माशांना तिथले क्लॅमथ आदिवासी च्वाम आणि कप्तू म्हणतात. हिवाळ्याअखेर साठवणीचं अन्न सरत आलेलं असताना नदीत चढणारे हे मासे त्यांना तारून न्यायचे. मासे घटताहेत हे पाहून 1986 साली आदिवासींनी स्वतःच मासेमारी थांबवली. 1988 साली दोन्ही जाती सरकारच्या संकटग्रस्त यादीत आल्या.

तेव्हापासूनच्या संशोधनातून जे समोर आलं ते अस्वस्थ करणारं आहे. शास्त्रज्ञ माशाच्या अंगात तांदळाच्या दाण्याएवढी एक खूणचकती बसवतात. तिला बॅटरी लागत नाही. विणीच्या जागी पाण्यात ठेवलेल्या अँटेनाजवळून मासा गेला की त्याचा क्रमांक नोंदला जातो. त्यामुळे तोच मासा वर्षानुवर्षं परत येताना दिसतो. पेलिकनांच्या वसाहतींतही अशा चकत्या सापडल्या आहेत, म्हणजे तो मासा कुणाच्या पोटात गेला तेही कळतं. या नोंदी सांगतात की आजचे बहुतेक प्रौढ मासे 1990च्या दशकाच्या सुरुवातीला जन्मलेले आहेत. त्यानंतर नवी पिढी जवळजवळ आलेलीच नाही.

वीण मात्र थांबलेली नाही. वसंतात काठावरच्या झऱ्यांपाशी आणि विल्यमसन, स्प्रेग या नद्यांमध्ये मादीच्या दोन्ही अंगांना नर चिकटतात, सगळे थरथरतात आणि खड्यांवर अंडी पडतात. एक मोठी मादी एका हंगामात लाखभर अंडी सहज घालते. त्यातून निघालेली सेंटीमीटरभराची पिल्लं रात्रीच्या अंधारात प्रवाहाबरोबर सरोवरात उतरतात. पहिल्या एक-दोन वर्षांतच ती नाहीशी होतात.

दोष एकाच गोष्टीवर ढकलता येत नाही. इथल्या ज्वालामुखीच्या मातीत फॉस्फरस मुळातच भरपूर. त्यात शेतीसाठी काठच्या पाणथळ जमिनी बांध घालून कोरड्या केल्या आणि गुरं चारली, तसा तो आणखी पाण्यात उतरला. उन्हाळ्यात नीलहरित शेवाळ माजतं, पाणी अल्कधर्मी होतं. मग शेवाळ एकदम मरून कुजू लागतं. प्राणवायू घटतो, अमोनिया वाढतो. 1995 ते 1997 अशी सलग तीन वर्षं इथे प्रौढ मासेही मोठ्या संख्येने मेले. पिल्लांना लपायला लव्हाळी उरली नाहीत, आणि बाहेरून आणलेले यलो पर्च, फॅटहेड मिनो त्यांना गिळतात. नद्यांवरच्या बंधाऱ्यांनी विणीच्या वाटा अडवल्या होत्या. स्प्रेगवरचा चिलोक्विन बंधारा 2008 साली काढला. त्याच सुमारास विल्यमसनच्या मुखाजवळचे बांध फोडून शेतं पुन्हा पाण्याखाली आणली. पिल्लं तिथे येऊन राहिली, पण मोठी झाली नाहीत.

लॉस्ट रिव्हर सकर पन्नाशी ओलांडून जगल्याची नोंद आहे. या दीर्घायुष्यामुळेच पिढी तुटल्याचं फार उशिरा कळलं, असं मला वाटतं. शॉर्टनोजचं ज्ञात आयुष्य मात्र 33 वर्षांच्या आसपास, आणि ती मुदत आता भरत आली आहे. म्हणून संघराज्याचा वन्यजीव विभाग आणि क्लॅमथ आदिवासी पिल्लं तळ्यांत वाढवून सरोवरात सोडताहेत. हे करायलाच हवं. पण त्या माशांची पिल्लंही याच पाण्यात उतरणार आहेत, आणि फॉस्फरस अडवणाऱ्या पाणथळ जमिनी परत मिळवायच्या तर शेतकऱ्यांना सोबत घ्यावंच लागेल.