ब्लॅक सॅबथ : पूर्वकालीन व उत्तरकालीन अल्बम (ग्रामीण विदर्भातील श्रवणासह)

इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथील ब्लॅक सॅबथ या हेवी मेटल बँडच्या १९ स्टुडिओ अल्बमची (१९७०–२०१३) चाहते व समीक्षक करीत आलेली दोन काळांतील विभागणी. टोनी आयोमी (गिटार), गीझर बटलर (बेस), बिल वॉर्ड (ड्रम) आणि ऑझी ऑस्बर्न (गायन) हे चौघे १९६८ मध्ये ॲस्टन या कामगारवस्तीत एकत्र आले. आजचे नाव त्यांनी पुढच्या वर्षी घेतले. ५ जुलै २०२५ रोजी बर्मिंगहॅमच्याच व्हिला पार्क मैदानावर चौघांचा अखेरचा कार्यक्रम झाला आणि २२ जुलैला ऑस्बर्नचे निधन झाले. हेवी मेटलचा आरंभ नेमका कोणापासून धरावा, हा वाद लेड झेपलिन आणि डीप पर्पल या समकालीन बँडांच्या पुरस्कर्त्यांनी जागता ठेवला आहे. प्रस्तुत विभागणीला त्याची फारशी गरज नाही.

विभागणीची रेषा : बहुतेक लेखक ती १९७९ वर ओढतात. त्या वर्षी ऑस्बर्नला बँडमधून काढण्यात आले आणि १९८० मध्ये रॉनी जेम्स डिओ या अमेरिकी गायकाच्या आवाजात ‘हेवन अँड हेल’ आला. गायक बदलला की काळ बदलला, असे मानणे सोयीचे असते. दुसरा पक्ष पहिले सहा अल्बम (१९७०–७५) तेवढे वेगळे काढतो. १९७६ चा ‘टेक्निकल एक्स्टसी’ आणि १९७८ चा ‘नेव्हर से डाय!’ यांत ऑस्बर्नच गात असला, तरी या पक्षाच्या लेखी ते उतरणीचे अल्बम होत. ध्वनिमुद्रणाची रीत पाहिली तर रेषा आणखी मागे, १९७२-७३ च्या सुमारास, सरकते. ही तिसरी मांडणी कमी प्रचलित असली, तरी ऐकून पडताळता येण्याजोगी हीच आहे.

पहिला अल्बम (फेब्रुवारी १९७०) लंडनच्या रीजंट साउंड स्टुडिओत चार ट्रॅकच्या टेपवर सुमारे १२ तासांत मुद्रित झाला. तारीख सामान्यतः १९६९ च्या ऑक्टोबरच्या मध्यातील मानली जाते. काही ठिकाणी नोव्हेंबरचाही उल्लेख येतो. निर्माता रॉजर बेन याने बँड रंगमंचावर वाजवीत असे तसाच वाजू दिला. पाऊस आणि घंटेचे आवाज मागाहून जोडले गेले. ‘पॅरानॉइड’ (सप्टेंबर १९७०) थोड्या अधिक सोयींत झाला, पण रीत तीच राहिली. चौथ्या अल्बमसाठी (१९७२) बँड लॉस एंजेलिसला गेला, बेन निर्माता राहिला नाही, आणि पियानो व मेलोट्रॉन (टेपवरचे सूर वाजवणारा की-बोर्ड) यांवर उभे असलेले एक संथ गीत त्यात आले. पाचव्यात (१९७३) तंतुवाद्ये, सिंथेसायझर आणि पाहुणा म्हणून रिक वेकमन हा की-बोर्डवादक आहे. सहाव्यात (१९७५) समूहगायनही आहे. एकाच दमात वाजवून टेपवर उतरवलेले संगीत आणि थरावर थर चढवून बांधलेले संगीत यांतला फरक कोणत्याही गायकबदलाहून मोठा आहे. अर्थात रेषा स्वच्छ नाही: १९७१ च्या तिसऱ्या अल्बमवरही आयोमीने एका गाण्यात बासरी वाजवली आहे.

उतरवलेला सूर : पूर्वकालीन अल्बमच्या ‘जडपणा’ची चर्चा आयोमीच्या बोटांपासून सुरू होते. १९६५ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, पत्र्याच्या कारखान्यातील नोकरीच्या शेवटच्या दिवशी यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोके तुटली. तो डावखुरा असल्याने पडद्यांवर तार दाबण्याचा हात हाच. भाजलेल्या बोटांनिशी वाजवणारा जॅझ गिटारवादक जँगो राइनहार्ट याची ध्वनिमुद्रिका ऐकून त्याने धीर धरला. प्लास्टिकची बाटली वितळवून टोपणे केली, त्यांवर चामडे चढवले आणि बारीक तारा वापरू लागला.

येथून सरळ निष्कर्ष काढला जातो की बोटांना ताण पडू नये म्हणून तारा सैल केल्या आणि त्यातून हेवी मेटलचा जड नाद जन्मला. हा कार्यकारणभाव अंशतःच ग्राह्य आहे. अपघात १९६५ चा. पण पहिले दोन्ही अल्बम मुख्यतः तारांच्या नेहमीच्या जुळणीतच मुद्रित झालेले आहेत. गिटार तीन अर्धस्वरांनी उतरलेली आढळते ती ‘मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी’ या तिसऱ्या अल्बमवर (१९७१), आणि तीही काही गाण्यांतच. बेसही सोबत उतरवला गेला. तेव्हा बोटांची सोय आणि मोठ्या नादाची हाव अशी दोन्ही कारणे धरणारे मत अधिक संभाव्य वाटते. स्वतः आयोमीच्या निवेदनांतही दोन्ही येतात. भजनी मंडळातील पेटीवाल्याला हा फरक एका वाक्यात सांगता येईल: मोकळी जाड तार पांढरी तीनवरून काळी एकवर आली. तिची कंपनसंख्या ८२.४ हर्ट्झवरून ६९.३ हर्ट्झवर येते. तार सैल पडते, तिची थरथर रुंदावते आणि ॲम्प्लिफायरच्या विकृतीतून (डिस्टॉर्शन) जाताना नादाला जो भरडपणा येतो, तोच पुढे डूम आणि स्लज या हेवी मेटलच्या उपप्रकारांनी भांडवल म्हणून वापरला. उत्तरकाळात, विशेषतः ‘हेवन अँड हेल’मध्ये, गिटार पुन्हा मूळ सुराकडे जाते आणि चालही वेग घेते.

बँडच्याच नावाच्या गाण्यातील आरंभीची तीन स्वरांची आकृती (षड्ज, तार षड्ज आणि तेथून खाली तीव्र मध्यम) हाही पूर्वकाळाचा ठसा मानतात. मध्ययुगीन चर्चने या स्वरांतरावर सैतानी म्हणून बंदी घातली होती, ही कथा वारंवार छापली जाते, पण तशा बंदीचा समकालीन पुरावा नाही. ‘संगीतातील सैतान’ ही उपाधी अठराव्या शतकाच्या आरंभीच्या लेखनात मिळते. बटलर त्या सुमारास गुस्ताव होल्स्टची मंगळ ग्रहावरील रचना वाजवून पाहत असे, आणि आकृतीचा उगम तेथे शोधणे अधिक सुसंगत आहे. यमनातली भजने ऐकत वाढलेल्या विदर्भातील कानाला तीव्र मध्यम मुळीच भयप्रद नाही. येथे भय येते ते त्या स्वरावर विनाकारण रेंगाळल्यामुळे आणि संथ लयीमुळे.

गायन आणि शब्द : ऑस्बर्न बहुधा गिटारच्या धूनीबरोबरच गातो, डिओची चाल धूनीला ओलांडून जाते, त्यामुळे आयोमीलाही साथीची रचना बदलावी लागली. आधीचे बहुतेक शब्द बटलरचे असून त्यांत युद्ध, अणुबॉम्ब, व्यसन आणि कारखानी जगणे येते. डिओच्या शब्दांत इंद्रधनुष्य, राजे, सैतान अशी अद्‌भुतकथेची सामग्री वाढते.

नंतरचे अल्बम : इयन गिलन (१९८३), ग्लेन ह्यूज (१९८६) आणि मग मुख्यतः टोनी मार्टिन (१९८७–९५) असे गायक येत गेले. मूळ चौघांपैकी अखंड राहिला तो एकटा आयोमी. १९८६ चा ‘सेव्हन्थ स्टार’ त्याच्या एकट्याच्या नावावर निघायचा होता. मार्टिनच्या काळातील ‘हेडलेस क्रॉस’ (१९८९) अलीकडे पुन्हा आदराने ऐकला जातो. बाकीच्यांविषयी मतभेद होण्याइतकेही लेखन झालेले नाही. १९९२ मध्ये डिओ एका अल्बमपुरता परतला.

ग्रामीण विदर्भातील श्रवण : हेवी मेटलचे कार्यक्रम येथील गावांत होत नाहीत. नागपूर, अमरावती, बडनेरा, शेगाव येथील अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या वसतिगृहांतून आणि पुढे मोबाईलमधून हे संगीत गावात पोचते. जुने-नवे असा भेद करण्याची सवय मात्र येथे आधीपासून आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या (१९०९–६८) खंजिरीवरील सुरुवातीच्या भक्तिपर भजनांचे आणि ‘ग्रामगीते’कडे (१९५५) नेणाऱ्या ग्रामसुधारणेच्या रचनांचे श्रोते कधी कधी वेगळे असतात. ‘पयलेच बेस होते’ हा निवाडा त्यामुळे बर्मिंगहॅमच्या बँडलाही सहज लागतो.

तो निवाडा कोणत्या साधनावर ऐकून दिला, हे मात्र सांगितले जात नाही. रानडुकरे आणि रोही हाकलण्यासाठी शेतात लावतात तो बॅटरीवरचा भोंगा साधारण ३०० हर्ट्झच्या खालचा नाद जवळपास देतच नाही. जागलीला मचाणावर नेलेल्या मोबाईलचा स्पीकरही फारसा वेगळा नाही. ६९ हर्ट्झचा मूळ नाद अशा साधनातून येत नाही; वरच्या उपस्वरांवरून कान स्वर कोणता ते ओळखतो, पण वजन हरवते. परिणामी ‘पॅरानॉइड’ आणि ‘मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी’ यांतील सर्वांत मोठा भेद स्वराच्या उंचीपुरता उरतो, आणि बटलरचा बेस, ज्यावर पहिल्या अल्बमचा अर्धा डोलारा आहे, जवळपास पुसला जातो. डिओचा चढा आवाज, सिंथेसायझर आणि १९८० नंतरची उजळ मुद्रणे येथे सहीसलामत पोचतात. जे तरुण श्रोते उत्तरकाळाला झुकते माप देतात, त्यांच्या पसंतीत या यंत्रांचा वाटा धरावा लागेल. वरातीत आणि मिरवणुकीत येणाऱ्या डीजेच्या भिंतीएवढ्या स्पीकरांतून १९७१ चा अल्बम उत्तम वाजेल. तो लावण्याची फर्माईश कोणी करीत नाही, एवढीच अडचण.

‘१३’ (२०१३) या शेवटच्या अल्बमसाठी निर्माता रिक रूबिन याने ऑस्बर्न, आयोमी व बटलर यांना १९७० च्या पहिल्या मुद्रणाकडे परत जायला सांगितले. कराराच्या मतभेदामुळे वॉर्ड नव्हता. त्याच्या जागी ब्रॅड विल्क याने ड्रम वाजवले. अमेरिकेच्या अल्बम-विक्रीच्या यादीत बँडला पहिला क्रमांक प्रथमच मिळाला. लय, गाण्यांची लांबी आणि मांडणी जुन्या वळणाची असली, तरी आवाजाची पातळी आरंभापासून अखेरपर्यंत चढी दाबून ठेवल्याची टीका झाली, आणि ती रास्त आहे: पहिल्या अल्बममधील हळू-मोठ्याचा खेळ येथे उरत नाही. मोबाईलच्या स्पीकरवर हा अल्बम पहिल्यापेक्षा भरीव वाटतो, तोही याच दाबामुळे.