निराशावाद आणि धर्म : मराठवाड्यातील संदर्भ

निराशावाद : जगण्यात सुखापेक्षा दुःख मुळातच अधिक आहे, परिस्थिती कितीही सुधारली तरी ते पुरते संपत नाही आणि म्हणून ‘जग चांगलेच आहे’ या समजुतीवर नीती किंवा धर्म उभा करता येत नाही, असे मानणारा तत्त्वविचार. मराठीत त्याला दुःखवाद असेही म्हणतात. खचलेल्या मनःस्थितीशी त्याची नेहमी गल्लत होते, पण हा कारणे देऊन मांडलेला विचार आहे. त्याचा सर्वांत मोठा प्रवक्ता, जर्मन तत्त्वज्ञ आर्थर शोपेनहौअर (1788–1860), रोज बासरी वाजवत असे.

शोपेनहौअरचा मुख्य ग्रंथ 1818च्या अखेरीस बाहेर पडला. मुखपृष्ठावर साल होते 1819. पहिली आवृत्ती जवळजवळ रद्दीतच गेली. नाव झाले ते 1851 नंतर, वय साठीपुढे गेल्यावर. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : दिसणाऱ्या जगाच्या मुळाशी बुद्धी नाही, एक आंधळी इच्छा आहे. झाडाच्या मुळात, जनावराच्या भुकेत, माणसाच्या धडपडीत तीच वावरते. इच्छा पुरी होत नाही तोवर तळमळ आणि पुरी झाली की कंटाळा. या दोहोंच्या मधली जागा अरुंद आहे. कलेत, विशेषतः संगीतात, घडीभर सुटका मिळते. दुसऱ्याचे दुःख आपलेच वाटणे ही करुणा, आणि सगळ्या नीतीचा पाया तोच. कायमची सुटका मात्र इच्छाच मावळली तर.

धर्माविषयी त्याची भूमिका दुहेरी आहे आणि तिथेच हा विचार सर्वांत रोचक होतो. तो निरीश्वरवादी होता. धर्म काजव्यांसारखे असतात, चमकायला त्यांना अंधार लागतो, असे त्याने लिहिले. तरीही धर्म म्हणजे निव्वळ फसवणूक, असे तो मानत नाही. आपण मरणार हे माणसाला कळते, म्हणून त्याला जगाचा अर्थ लावण्याची भूक असते. ज्याला तत्त्वज्ञान वाचायला सवड नाही त्याची भूक धर्म भागवतो, रूपककथांतून सत्य सांगून. धर्मांची खरी विभागणी देव एक की अनेक यावर करू नये, जगणे चांगले मानणारे आणि जगणे दुःखमय मानणारे अशी करावी, हे त्याचे सूत्र आजही उपयोगी पडते. ख्रिस्ती, वैदिक आणि बौद्ध परंपरा त्याने दुसऱ्या गटात घातल्या. ज्यू धर्माबद्दल त्याने जे लिहिले त्यात मात्र विचारापेक्षा पूर्वग्रह जास्त आहे आणि ते तसेच म्हटले पाहिजे.

उपनिषदे त्याच्यापर्यंत पोचली तो मार्ग लांबचा होता. मोगल राजपुत्र दारा शुकोहने 1657 मध्ये काशीच्या पंडितांच्या मदतीने पन्नास उपनिषदांचे फारसी भाषांतर सिद्ध केले. त्यावरून आंकेतिल-द्युपेराँ या फ्रेंच पंडिताने केलेले लॅटिन भाषांतर 1801–02 मध्ये छापले गेले. हा ग्रंथ माझ्या आयुष्याचा दिलासा झाला, मरणाचाही होईल, असे शोपेनहौअर म्हणत असे. दाराला 1659 मध्ये मारवणारा त्याचा भाऊ औरंगजेब खुलदाबादला, वेरूळपासून काही किलोमीटरवर, उघड्या कबरीत पुरलेला आहे.

मराठवाड्यात हा विचार पुस्तकाआधी घाटावर भेटतो. पैठणला किंवा नांदेडला गंगेच्या (गोदावरीला इथे गंगाच म्हणतात) काठी दहाव्याच्या दिवशी पिंड मांडले जातात आणि सगळे कावळ्याची वाट पाहतात. कावळा शिवत नसेल तर ‘जीव कशात तरी अडकलाय’ असे म्हणतात. मग थोरला मुलगा पुढे होऊन हात जोडतो : आईला सांभाळतो, धाकटीचं लगीन करून देतो, भावांत भांडण होऊ देत नाही. एकेक वचन देऊन थांबायचे, वर पाहायचे. माणूस गेला तरी त्याची इच्छा उरते आणि ती मिटल्याशिवाय सुटका नाही, हे तिथे उभ्या असलेल्या कुणाला समजावून सांगावे लागत नाही. शोपेनहौअरला रूपक म्हणायचे होते ते यापेक्षा नेमके कुठे सापडेल? एक फरक मात्र महत्त्वाचा. घाटावर इच्छा मारत नाहीत, तिची जबाबदारी मागे राहिलेले उचलतात.

दुःखाचे निदान मराठी धर्मपरंपरेने कधी लपवले नाही. जालना जिल्ह्यातल्या जांब इथे 1608 मध्ये जन्मलेल्या समर्थ रामदासांच्या दासबोधातील तिसरे दशक ‘जन्म दुःखाचा अंकुर । जन्म शोकाचा सागर’ असे सुरू होते. पुढच्या समासांत एका प्रापंचिकाचे सबंध आयुष्य येते आणि त्यात नुसते अध्यात्म नाही, घरखर्च आहे : ‘लेंकुरें उदंड जालीं । तों ते लक्ष्मी निघोन गेली । बापडीं भिकेसी लागलीं । कांहीं खाया मिळेना ॥’ लग्न, पोरवडा, परमुलखात पोटामागे जाणे, म्हातारपणी घरच्यांनाच नकोसे होणे. युरोपातल्या कुठल्याही निराशावाद्याने इतक्या जवळून संसार पाहिलेला नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. पण हेच रामदास बाराव्या दशकाच्या आरंभी ‘आधीं प्रपंच करावा नेटका’ असे बजावतात. निदान तेच, उपाय वेगळा. लोकमान्य टिळकांनीही गीतारहस्याच्या (1915) सुखदुःखविवेक या प्रकरणात शोपेनहौअरचा विचार घेतला. संसारात दुःख जास्त, हे त्यांना मान्य आहे. त्यावरून कर्म सोडावे हे मान्य नाही.

उपायाचाच प्रश्न अजिंठ्याच्या भिंतींवर रंगवलेला आहे. ही लेणी इंग्रजांच्या नजरेस पडली ती 1819 मध्ये, शोपेनहौअरच्या ग्रंथावर छापलेल्या सालातच. त्याला अर्थातच त्याचा पत्ता नव्हता. सतराव्या लेण्याच्या ओसरीत भवचक्राचा, म्हणजे जन्ममरणाचा फेरा दाखवणाऱ्या चाकाच्या चित्राचा, तुकडा उरला आहे. सुरुवातीच्या पाहुण्यांना ते राशिचक्र वाटले होते. त्याच लेण्याचा शिलालेख दात्याच्या धाकट्या भावाच्या मृत्यूचा आणि त्या शोकातून मनात रुजलेल्या अनित्यतेच्या विचाराचा उल्लेख करतो. म्हणजे इथे तत्त्वज्ञान कोरले गेले त्याच्या मागे एक विशिष्ट मरण होते. शेजारच्या सोळाव्या लेण्यात, ‘मरणासन्न राजकन्या’ म्हणून प्रसिद्ध असलेल्या चित्रात, एक स्त्री मान टाकून बसली आहे, दासी तिला सावरताहेत. ती बुद्धाचा सावत्र भाऊ नंद याची पत्नी सुंदरी असावी असे अभ्यासक मानतात. नवरा भिक्षू झाल्याची बातमी तिला नुकतीच कळली आहे. विरक्तीचा गौरव करणाऱ्या विहारात विरक्तीने मोडलेल्या बाईला चित्रकाराने इतकी मोठी जागा द्यावी, ही सांगण्यासारखी गोष्ट आहे. शोपेनहौअरच्या संन्याशांच्या वर्णनांत ही बाई नाही.

पैठणजवळच्या आपेगावची कथा तीच आहे. परंपरेनुसार ज्ञानेश्वरांचे वडील विठ्ठलपंत पत्नीला मागे ठेवून संन्यासी झाले, गुरूच्या आज्ञेने परतले आणि पुढे सबंध कुटुंब वाळीत पडले. मुलांना शुद्धिपत्रासाठी पैठणच्या ब्रह्मवृंदापुढे उभे राहावे लागले. इच्छेचा त्याग एकट्याचा असतो, त्याची किंमत घर मोजते. निराशावादाविरुद्ध पुष्कळ आक्षेप घेतले गेले आहेत, हा त्यांतला सर्वांत जड.

शोपेनहौअरखेरीज इतरांच्या मांडण्यांपैकी दोनच येथे पुरेत. त्याचा समकालीन इटालियन कवी लेओपार्दी (1798–1837) निसर्गाला माणसाची पर्वा नाही असे म्हणून थांबला नाही. म्हणूनच माणसांनी एकमेकांचा हात धरावा, असे त्याने अखेरीस लिहिले. नॉर्वेचा विचारवंत झाप्फे (1899–1990) याने 1933 मध्ये असे मांडले, की माणसाची जाणीव त्याला पेलवेल त्यापेक्षा मोठी झाली आहे आणि देव, घर, देश हे तिला बांधून ठेवायचे खुंटे आहेत. जर्मन तत्त्वज्ञ नीत्शे शोपेनहौअर वाचून तत्त्वज्ञानाकडे वळला आणि पुढे जगण्याला नकार देणाऱ्या याच वृत्तीवर उलटला.

दीडशे वर्षांत निराशावादाचे खंडन अनेकदा झाले, तरी वाचक टिकून आहे. याचे कारण उदासीची हौस नव्हे. ज्याचे काही बिघडले आहे त्याला चारी बाजूंनी ‘तुझंच चुकलं’ ऐकू येते : नवस फेडला नाहीस, मेहनत कमी पडली, विचार सकारात्मक नव्हते. निराशावाद म्हणतो की दुःख ही तुझी एकट्याची चूक नाही, ते सर्वांच्या वाट्याचे आहे. ‘सुख पाहता जवापाडे, दुःख पर्वताएवढे’ हे तुकोबांचे वचन भेटायला आलेली माणसे म्हणतात, तेव्हा रडणाऱ्याला धीर येतो तो याच कारणाने.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. मराठवाड्यातील शेतकरी आत्महत्यांचे वर्णन करताना ‘निराशा’, ‘वैराग्य’ हे शब्द सैलपणे वापरले जातात. ते चूक आहे. शोपेनहौअर आत्महत्येच्या विरोधात होता. आत्महत्या करणारा माणूस जगणे नाकारत नाही, त्याला जगायचेच असते, फक्त वाट्याला आलेल्या अटींवर नाही, असे त्याने दाखवून दिले. त्या अटी म्हणजे पाऊस, भाव आणि कर्ज. त्यांना जीवनाचे स्वरूप म्हणणे म्हणजे ज्यांनी उत्तर द्यायचे त्यांना मोकळे सोडणे.

हाच आक्षेप सर्वांत कणखरपणे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतला. औरंगाबादेत (आता छत्रपती संभाजीनगर) 1950 मध्ये त्यांनी सुरू केलेल्या महाविद्यालयाला पुढे मिलिंद हे नाव मिळाले, भिक्षू नागसेनाला प्रश्न विचारून भंडावणाऱ्या राजाचे. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ (1957) या ग्रंथाच्या प्रस्तावनेत ते चार आर्यसत्यांविषयीच शंका उपस्थित करतात : जीवन दुःख, मरण दुःख, पुनर्जन्मही दुःख असेल तर माणसाला आशा कशाची? ही सूत्रे बुद्धाच्या शिकवणुकीला निराशावादी ठरवतात, मग ती मूळची की भिक्षूंनी मागाहून घातलेली? दुःखाचे अस्तित्व ते नाकारत नाहीत; दुःख ओळखणे आणि दूर करणे हाच त्यांच्या मांडणीत धम्माचा पाया आहे. पण त्या दुःखाचा मोठा भाग माणसाने माणसावर केलेल्या अन्यायाचा आहे, आणि जे माणसाने केले ते माणसाला मोडता येते. या भूमीत ज्यांना पाणवठ्यावर येऊ दिले जात नव्हते त्यांना हे तात्काळ समजले.

गृहत्यागाची कथाही त्यांनी बदलली. म्हातारा, रोगी, प्रेत पाहून सिद्धार्थ निघतो हे त्यांना पटत नाही. त्यांच्या ग्रंथात कारण आहे रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात पेटलेला तंटा. सिद्धार्थ युद्धाला विरोध करतो आणि परिव्रज्या, म्हणजे घर सोडून संन्यास, पत्करतो. टंचाईच्या वर्षी जायकवाडीत वरच्या धरणांतून पाणी सोडण्यावरून ज्या प्रदेशात भांडण होते, तिथल्या वाचकाला हे कारण वेगळे समजावून द्यावे लागत नाही. आणि हा सिद्धार्थ रात्री झोपलेल्या बायकोला टाकून जात नाही. तो यशोधरेशी बोलतो. तीही युद्धाच्या बाजूने उभी राहिली नसती, असे सांगून त्याला संमती देते.