पायी गस्तीचा पगार कोण देते?

अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील फ्लिंट हे जनरल मोटर्सच्या कारखान्यांवर पोसलेले शहर. जानेवारी १९७९ मध्ये तेथील पोलीस खात्याने २२ शिपायांना गस्तीच्या गाड्यांतून उतरवून १४ वस्त्यांमध्ये पायी फिरायला पाठवले. तीन वर्षांच्या या प्रयोगासाठी सुमारे २६ लाख डॉलर शहरातल्याच मॉट फाउंडेशन या देणगीदार संस्थेने दिले. शिपायाने नेमून दिलेल्या वस्तीतच राहून तेथील दुकानदार, शाळकरी मुले आणि घरमालक यांच्याशी ओळख ठेवावी, तंटा वाढण्याआधीच तो मिटवावा, अशी अपेक्षा होती.

मिशिगन स्टेट विद्यापीठातील रॉबर्ट ट्रोजानोविच यांनी या प्रयोगाची पाहणी केली. त्या वस्त्यांत नोंदलेले गुन्हे ८.७ टक्क्यांनी घटले, तर पोलिसांना मदतीसाठी येणारे दूरध्वनी ४२ टक्क्यांहून अधिक कमी झाले. मला यातला दुसरा आकडा अधिक बोलका वाटतो. शिपाई रोज दारावरून जात असेल, तर शेजाऱ्याशी झालेल्या कुरबुरीसाठी कोणी नियंत्रण कक्षाला फोन करत नाही. ती त्याच्याच कानावर घातली जाते. पहिल्या आकड्याबाबत मात्र सावध राहावे लागते, कारण ओळखीच्या पोलिसाकडे लोक एरवी न सांगितलेले गुन्हेही सांगतात आणि त्यामुळे नोंदी उलट वाढू शकतात. शिवाय या १४ वस्त्या चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या नव्हत्या, त्यामुळे घट नेमकी गस्तीमुळेच झाली असे ठामपणे म्हणता येत नाही. जवळपास त्याच काळात न्यू जर्सी राज्यातील न्यूअर्क शहरात काही बीटवर, म्हणजे शिपायाला नेमून दिलेल्या गस्तीच्या टापूत, पायी गस्त नव्याने सुरू केली गेली आणि काही बीटवरची काढून घेतली गेली. तेथे लोकांची भीती कमी झाली, पण गुन्ह्यांच्या प्रमाणात म्हणावा तसा फरक पडला नाही.

कार्यकारणाचा हा गुंता सोडवणे अवघड असते, कारण जेथे गुन्हे अधिक तेथेच पोलीसही अधिक पाठवले जातात, आणि आकडे नुसते शेजारी मांडले तर पोलिसांमुळेच गुन्हे वाढतात असे भासते. फिलाडेल्फियात एका सीमारेषेने ही अडचण दूर केली. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ स्वतःच्या खर्चाने पोलीस दल ठेवते आणि ते आवाराबाहेरच्या काही गल्ल्यांतही ठरलेल्या हद्दीपर्यंत गस्त घालते. हद्दीच्या दोन्ही बाजूंना घरे आणि रहिवासी साधारण सारखेच आहेत, शहराचे पोलीसही दोन्हीकडे येतात. फरक असतो तो विद्यापीठाच्या जादा शिपायांचा. मॅकडोनाल्ड, क्लिक आणि ग्रुनवाल्ड या संशोधकांना हद्दीच्या आतल्या गल्ल्यांत गुन्हे ४५ ते ६० टक्क्यांनी कमी आढळले.

याच शहरात २००९ च्या उन्हाळ्यात खरोखर सोडतच काढली गेली. हिंसक गुन्ह्यांच्या ६० ठिकाणी नवख्या शिपायांनी पायी गस्त घातली आणि तुलनेसाठी निवडलेल्या तितक्याच ठिकाणांपेक्षा तेथील हिंसक गुन्हे २३ टक्क्यांनी कमी राहिले. हिशेब असा निघाला, की गस्तीच्या जागी ९० गुन्हे टळले, पण आसपासच्या गल्ल्यांत ३७ वाढले. म्हणजे निव्वळ लाभ ५३ गुन्ह्यांचा. गस्तीच्या हद्दीपुरतेच मोजले असते, तर ते ३७ कोणाच्याच हिशेबात आले नसते.

स्थानिक पैशाचा प्रश्न येथेच अडतो. एखादी सधन वस्ती आपल्यापुरती गस्त विकत घेते आणि गुन्ह्यांचा काही भाग शेजारच्या गरीब गल्लीकडे सरकतो, तेव्हा पैसे एकाचे आणि भुर्दंड दुसऱ्याला असा प्रकार होतो. विद्यापीठाच्या तिजोरीने हद्द आखली होती. फ्लिंटच्या १४ वस्त्यांची हद्द देणगीने आखली होती. ऑगस्ट १९८२ मध्ये देणगीची मुदत संपल्यावर फ्लिंटच्या मतदारांपुढे प्रश्न ठेवला गेला, की हीच गस्त साऱ्या शहरात न्यायची असेल तर त्यासाठी जास्तीचा कर भरणार का. मोटार कारखान्यांतली कामगारकपात तेव्हा ऐन भरात होती. तरीही लोकांनी कराच्या बाजूने कौल दिला.