गाडीला पाऊस कळत नाही

नव्या गाडीची डिलिव्हरी म्हणजे हार, नारळ, पेढे आणि फोटो. त्या गडबडीत शोरूममधला मुलगा पाच मिनिटांत सगळी बटणं दाखवून मोकळा होतो. "सर, पाऊस आला की वायपर आपोआप, अंधार पडला की हेडलाइट आपोआप, काच एका टचमध्ये वर. सगळं एआय आहे." मॅन्युअल ग्लोव्ह बॉक्समध्ये जातं आणि गाडी विकेपर्यंत तिथून हलत नाही. मग पहिल्या सर्व्हिसिंगच्या वेळी पाण्याचा फवारा काचेवर पडताच वायपर सुरू होतो, पुसणाऱ्याच्या हाताला फटका बसतो, आणि गाडीत काहीतरी बिघाड आहे असं सगळ्यांचं एकमत होतं.

बिघाड नसतो आणि एआयही नसते. आपोआप चालणारे वायपर १९९०च्या दशकातल्या गाड्यांतही होते. मुद्दा असा की गाडीला पाऊस कळत नाही, अंधारही कळत नाही आणि काचेत अडकलेलं बोट तर नाहीच नाही. ती दुसरंच काहीतरी मोजते आणि त्यावरून अंदाज बांधते. काय मोजते ते ठाऊक असलं की ती कधी फसणार हेही आधीच सांगता येतं.

वायपरपासून सुरुवात करतो, कारण त्यातलं भौतिकशास्त्र मला फार आवडतं. गाडीसमोर उभे राहून आरशामागच्या जागी पाहा. काचेच्या आतल्या बाजूला चिकटवलेली, रुपयाच्या नाण्याहून थोडी मोठी काळपट चकती दिसेल. पुष्कळांना वाटतं की थेंबाचा ओलावा किंवा त्याचा आघात सेन्सरला जाणवत असेल. पण सेन्सर काचेच्या आत आणि पाऊस बाहेर. थेंब त्याला शिवतसुद्धा नाही.

चकतीत एक एलईडी असतो. तो अवरक्त प्रकाश सोडतो, म्हणजे आपल्याला न दिसणारा, टीव्हीच्या रिमोटमधल्यासारखा. हा प्रकाश काचेत तिरपा, साधारण ४५ अंशांच्या कोनात शिरतो, बाहेरच्या पृष्ठभागावर आपटून परततो आणि चकतीतल्याच दुसऱ्या टोकाच्या फोटोडायोडवर, म्हणजे प्रकाश मोजणाऱ्या तुकड्यावर, पडतो. काच कोरडी असेल तर जवळजवळ सगळा प्रकाश परत येतो. थेंब पडला की त्यातला काही थेंबावाटे बाहेर निसटतो आणि फोटोडायोडला कमी मिळतो. ही घट म्हणजे गाडीच्या लेखी पाऊस.

थेंबाने एवढा फरक का पडावा? दहावीतलं अपवर्तन आठवा. काचेचा अपवर्तनांक सुमारे १.५, हवेचा १, पाण्याचा १.३३. काचेतून हवेत जाऊ पाहणारा किरण स्तंभिकेशी, म्हणजे पृष्ठभागाला काटकोनात असलेल्या रेषेशी, ४२ अंशांपेक्षा जास्त कोन करत असेल तर तो बाहेर पडूच शकत नाही. सगळाच्या सगळा आत परततो. हे पूर्ण आंतरिक परावर्तन, आणि ४२ अंश हा क्रांतिक कोन. तळ्यात चपटा दगड पुरेसा तिरपा फेकला की बुडत नाही, टप्पे घेत जातो, तसंच काहीसं. पण काचेपलीकडे हवेऐवजी पाणी असलं तर हाच क्रांतिक कोन ६२ अंशांच्या आसपास जातो. आता ४५ हा आकडा का निवडला ते लक्षात येईल. तो ४२च्या वर आहे आणि ६२च्या खाली. हवा असेल तर किरण आत राहतो, पाणी असेल तर निसटतो. अख्खा सेन्सर या वीस अंशांच्या फटीत बसवलेला आहे.

घरी पाहायचं असेल तर काचेचा पेला पाण्याने भरून हातात धरा आणि वरून, पाण्याच्या पृष्ठभागातून, पेल्याच्या आतल्या भिंतीकडे तिरपं पाहा. भिंत चांदीसारखी चकाकते आणि पलीकडची तुमची बोटं दिसत नाहीत. आता बोट ओलं करून बाहेरून घट्ट दाबा. चांदीत एकदम बोटाच्या रेघा उमटतात, ठशावरच्या असतात तितक्या स्वच्छ. जिथे ओली त्वचा काचेला टेकली तिथे प्रकाश निसटला, दोन रेघांमधल्या खाचांत हवा राहिली तिथे परतला. (अजून खोलात शिरायचं तर परतणारा प्रकाश काचेच्या काठावर तंतोतंत वळत नाही. त्याचं विद्युतचुंबकीय क्षेत्र काचेबाहेर तरंगलांबीच्या अंतराइतकं डोकावतं आणि झपाट्याने विरतं. त्या इवल्या पट्ट्यात पाणी आलं तरच ते प्रकाश ओढून घेऊ शकतं. म्हणून काचेपासून केसभर दूर असलेला थेंब या सेन्सरसाठी नसल्यातच जमा.)

आता खरी अडचण. ४५ अंशांचा किरण मुळात काचेत घालायचा कसा? केबिनमधल्या हवेतून सपाट काचेवर कितीही तिरपा प्रकाश टाका, आत शिरल्यावर त्याचा कोन ४२ अंशांपुढे जातच नाही. ज्या नियमामुळे तो आत अडकणार, तोच नियम त्याला दारातच अडवतो. यावर तोडगा म्हणून सेन्सरचा तळ प्रिझमसारखा घडवलेला असतो, आणि तळ व काच यांच्यामध्ये पारदर्शक सिलिकॉन जेलचा थर असतो. मधली हवा हटवणं एवढंच त्या जेलचं काम. समोरची काच खरं तर दोन काचांची असते आणि मध्ये प्लास्टिकचा पातळ पडदा असतो, पण त्याचा अपवर्तनांक काचेच्या अगदी जवळचा असल्याने किरण फारसा न वळता पार होतो.

या जेलची आठवण होते ती हायवेवर ट्रकच्या चाकाखालचा खडा उडून काच तडकते तेव्हा. काच बदलताना जुनंच जेल कसंबसं परत चिकटवलं आणि आत बुडबुडा राहिला, तर तेवढ्या जागी हवा आली. मग वायपर कोरड्या उन्हात फिरतो नाहीतर धो धो पावसात गप्प बसतो. काच बदलून घेताना एकदा आरशामागे वाकून पाहावं. बुडबुडा बाहेरून डोळ्यांनी दिसतो.

उन्हातही अवरक्त किरण असतातच, म्हणून एलईडी ठरावीक लयीत उघडझाप करतो आणि फोटोडायोड तेवढीच लय ऐकतो. प्रकाश किती कमी झाला यापेक्षा किती भराभर कमी होतोय याकडे गाडीचं लक्ष जास्त असतं. पुसल्यावर लगेच पुन्हा घट दिसली की वेग वाढतो. पण ती चकती काचेचा फार थोडा भाग पाहते. भुरभुर पावसात थेंब तुमच्या डोळ्यांसमोर पडतात, चकतीसमोर नाही, आणि तुम्ही गाडीला शिव्या घालता. उलट उन्हाळ्यात धुळीचा थर बसला की कधी कधी वायपर कोरडाच फिरतो. तो काचेवर ओरखडे काढतो. त्यामुळे पावसाळा संपला की दांडा ऑटोवरून बंदवर आणावा. गाडी धुवायला देताना तर नक्कीच.

हेडलाइटचं गणित याहून साधं. इथे फक्त बाहेरचा उजेड मोजायचा असतो. युरोपातल्या गाड्यांना लागू असणाऱ्या, संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमावलीतल्या ४८ क्रमांकाच्या नियमात आकडे दिलेले आहेत. उजेड १००० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) खाली गेला की दोन सेकंदांत दिवे लागले पाहिजेत. ७००० लक्सच्या वर गेला की विझले पाहिजेत, पण लगेच नाही, किमान ५ आणि जास्तीत जास्त ३०० सेकंदांनी. मधल्या पट्ट्यात काय करायचं ते कंपनीने ठरवावं. भर दुपारच्या उन्हात लाखभर लक्स असतात, त्या मानाने हे दोन्ही आकडे लहानच. लावण्याचा उंबरठा वेगळा आणि विझवण्याचा वेगळा ठेवला नसता, तर वडाच्या झाडांच्या रांगेतून जाताना दिवे लुकलुकत राहिले असते. कित्येक गाड्यांत दोन डोळे असतात. एक वर आकाशाकडे, दुसरा पुढे. उड्डाणपुलाखाली वरचा उजेड जातो पण पुढे लख्ख असतं, म्हणून दिवे लागत नाहीत. एक्सप्रेसवेवर भाताणच्या नाहीतर कामशेतच्या बोगद्याच्या तोंडाशी पुढचाही अंधारतो आणि दिवे ताबडतोब लागतात.

हा सेन्सर काही गाड्यांत आरशामागे असतो, काहींत डॅशबोर्डवर काचेलगत, काळ्या वाटाण्याएवढा उंचवटा होऊन. नेमक्या त्याच जागी आपल्याकडे गणपती बसतो, किंवा पार्किंगची पावती पडते. मग भर दुपारी दिवे चालू राहतात. मूर्ती चार बोटं सरकवली की दुरुस्ती झाली. वायरिंग उचकटण्याची गरज नाही आणि बंपरला लिंबू-मिरची बांधण्याची तर त्याहून नाही.

पण ज्यामुळे अपघात होऊ शकतो ती चूक धुक्यातली. जुलैत आंबोलीला किंवा खंडाळ्याच्या घाटात वीस पावलांवरचा ट्रक दिसत नाही, तरी उजेड हजार लक्सच्या वर सहज असतो. सेन्सर उजेड मोजतो, नजर किती लांब पोहोचते ते मोजत नाही. त्याच्या दृष्टीने दिवस आहे, म्हणून दिवे बंद. पुढचे डीआरएल, म्हणजे दिवसा आपोआप पेटणारे छोटे दिवे, चालू असतात, हल्लीचा डिजिटल मीटर सदैव झगमगत असतो, त्यामुळे दिवे चालू आहेत असंच चालकाला वाटतं. बहुतेक गाड्यांत डीआरएलबरोबर मागचे लाल दिवे लागत नाहीत. मागून येणाऱ्याला तुम्ही दिसतच नाही. धुक्यात स्विच हाताने फिरवायचा. दुचाकीवाल्यांनी या ऑटोशी गल्लत करू नये. भारतात १ एप्रिल २०१७पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन चालू असेतोवर पेटलेला राहतो, त्यात सेन्सर-बिन्सर काही नाही.

आता खिडकी, पण आधी एक जुनी फ्रेंच गाडी. १९७०मध्ये आलेल्या सित्रोएन एसएममध्ये पावसानुसार चालणारे वायपर होते, आणि त्यात प्रकाशाचा काही संबंध नव्हता. कोरड्या काचेवर रबर जास्त घासतं, मोटरला जोर लागतो, ती जास्त वीज ओढते. ओल्या काचेवर कमी. मोटर किती वीज ओढते ते पाहायचं आणि काच ओली की कोरडी ते ठरवायचं. मोटरलाच सेन्सर करण्याची ही युक्ती मला प्रिझम आणि जेलपेक्षाही हुशार वाटते.

एका टचमध्ये वर जाणारी काच याच जातीची आहे. मोटरच्या आसावर छोटं चुंबक आणि शेजारी हॉल सेन्सर, म्हणजे चुंबक समोरून गेलं की ते ओळखणारा सेन्सर. आस फिरला की त्यातून विजेचे ठोके पडतात. ठोके मोजून काच कुठे आहे ते कळतं, आणि दोन ठोक्यांमधलं अंतर अचानक वाढलं की काहीतरी आडवं आलं हे कळतं. मग काच उलटी फिरते. युरोपीय नियमानुसार वरच्या काठापासून ४ ते २०० मिलिमीटरच्या फटीत, १०० न्यूटनपेक्षा, म्हणजे साधारण दहा किलोच्या वजनाइतक्या दाबापेक्षा, जास्त दाब पडायच्या आत काचेने मागे फिरायला हवं. शेवटच्या ४ मिलिमीटरमध्ये ही दक्षता सोडून द्यावीच लागते, कारण तिथे काच रबरात घुसते आणि रबरही अडवतंच. स्वस्त गाड्यांत एका टचमध्ये काच फक्त खाली का जाते, याचंही उत्तर यातच आहे. खाली जाताना मान अडकत नाही, म्हणून हा खर्च वाचवता येतो.

बॅटरी काढली की काही गाड्यांत हे ठोके विसरले जातात. काच अर्ध्यातून परत येते किंवा एका टचला दाद देत नाही. अशा वेळी मोटर बदलण्याआधी मॅन्युअल उघडा. बहुधा बटण वर ओढून काच पूर्ण बंद करायची आणि काही सेकंद तसंच धरून ठेवायचं, एवढंच लिहिलेलं असतं. कडेच्या रबरात माती जाऊन ते कडक झालं तरी काच माघारी येते. तिथे पुसून सिलिकॉन स्प्रे मारला की काम होतं. काच खरंच मागे फिरते का हे तपासायचं असेल तर वर्तमानपत्राची सुरळी वापरा, बोट नको. काही गाड्यांत बटण ओढून धरलं तर हे संरक्षण चालतच नाही, हेही लक्षात असू द्या.

आणि अनेक गाड्यांत ही सोय फक्त चालकाच्या काचेला असते. मुलं बसतात मागे. त्यांच्यासाठी चालकाच्या दारावर मागच्या काचांची बटणं निकामी करणारं एक बटण असतं, त्यावर काचेचं नाहीतर कुलपाचं चित्र काढलेलं. ते आजच एकदा दाबून पाहा.